मुंबईचें नगरशासन आणि त्याचे इतिहासकार

मुंबईच्या नगरशासनासंबंधीं आजवर जे ग्रंथ झाले, ते एकामागून एक वाचून काढण्याचा योग आम्हांस नुकताच आला. निमित्त अगदीं साधें होतें. एका बहुश्रुत स्नेह्यांनीं बोलतां बोलतां आम्हांस विचारलें कीं, मुंबईचा पहिला महापौर कोण? आम्हीं सांगितलें, जहांगीर बोमन-बेहराम; साल १९३१. त्यावर त्यांचा दुसरा प्रश्न आला : "मग त्याआधीं ह्या शहरावर राज्य कोण करीत होतें?" प्रश्न विचारणाराची समजूत उघड होती. महापौर झाला तेव्हांपासून महापौर राज्य करूं लागला, असें त्यांस वाटत होतें. आणि ही समजूत त्यांची एकट्याची नव्हे. वर्तमानपत्रांत, निवडणुकीच्या व्याख्यानांत, चारचौघांच्या बोलण्यांत तीच चालत आलेली आहे. तिला आधार किती, हें पाहण्यासाठीं आम्हीं कपाटांतलीं पुस्तकें खालीं काढलीं, आणि वाचून झाल्यावर जें मनांत आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ह्या विषयावरचे मुख्य ग्रंथ तीन. तिन्ही इंग्रजींत आहेत आणि तिहींचे कर्ते पारशी गृहस्थ आहेत. दिनशा एदलजी वाच्छा यांचा मुंबईच्या म्युनिसिपल कारभाराच्या उदयाविषयींचा ग्रंथ १९१३ सालचा. होमी मोदी यांनीं लिहिलेलें सर फेरोजशहा मेहता यांचें दोन खंडांचें चरित्र १९२१ सालचें. रुस्तुम मसानी यांचा मुंबईंतील स्थानिक स्वराज्याच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२९ सालचा. मराठींत ह्या विषयाला सर्वस्वी वाहिलेला, ह्या तोडीचा एकहि ग्रंथ आम्हांस मिळाला नाहीं. परंतु गोविंद नारायण माडगांवकरांचें 'मुंबईचें वर्णन' (१८६३) आणि आचार्य व शिंगणे यांचा 'मुंबईचा वृत्तान्त' (१८८९) हीं दोन पुस्तकें जवळ घेतल्यावांचून इंग्रजी ग्रंथांची खरी पारख होत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. अलीकडच्या संशोधकांपैकीं क्रिस्टीन डॉबिन यांचा १९७२ चा अभ्यास विशेष उपयोगी. शहरांतले शेटिये आणि नवशिक्षित वर्ग यांच्या ओढाताणींतून मुंबईचें पुढारीपण कसें घडलें हें त्यांनीं चांगलें दाखविलें आहे. पण त्या १८८५ पाशीं थांबतात.

इंग्रजी ग्रंथकारांच्या त्रयीविषयीं एक गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे. वाच्छा हे कित्येक वर्षें कॉर्पोरेशनचे सभासद होते आणि १९०१ सालीं अध्यक्ष झाले. मसानी हे आधीं कॉर्पोरेशनचे चिटणीस आणि पुढें १९२२ पासून कमिशनर. त्या जागेवर बसलेले पहिले हिंदी गृहस्थ तेच. मोदी हेहि त्याच सभागृहाचे जुने सभासद. म्हणजे मुंबईच्या नगरशासनाचा इतिहास हा त्या घरांतल्या माणसांनींच लिहिलेला आहे. घरचा माणूस माहिती अचूक देतो, आणि घराच्या पायाविषयीं प्रश्न सहसा विचारीत नाहीं. ह्या तिन्ही ग्रंथांचें बळ आणि उणेपण दोन्ही ह्यांत आलें.

प्रथम पदवीचा विचार करूं. 'महापौर' हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीनें मराठींत रूढ केला. शब्द मोठा डौलदार आहे, आणि त्या डौलामुळेंच आमच्या स्नेह्यांसारख्यांची फसगत होते. मूळ इंग्रजी 'मेयर' ही पदवी मुंबईस १९३१ सालीं नवी नव्हती. १७२६ च्या राजसनदेनें मद्रास, कलकत्ता व मुंबई ह्या तिन्ही ठिकाणीं मेयरचें न्यायालय बसविलें. मेयर एक आणि आल्डरमन नऊ. ह्या मेयरापुढें दिवाणी दावे चालत, मृत्युपत्रें शाबीत होत. मुंबईचे रस्ते झाडणें कीं तळीं उपसणें हें त्या न्यायालयाचें काम नव्हतें. १७९८ मध्यें रेकॉर्डरचें कोर्ट आलें आणि मेयरचें न्यायालय नाहींसें झालें. मग पुष्कळ वर्षांनीं ती पदवी पुन्हां अवतरली, ती जुन्या अध्यक्षाच्या खुर्चीवर नवी पाटी म्हणून. १९३१ सालीं कायद्यांतला 'प्रेसिडेंट' हा शब्द जाऊन 'मेयर' आला. खुर्ची तीच, घंटा तीच, अधिकारहि जवळजवळ तेवढाच. दोन शतकांत ही पदवी मुंबईस दोनदां आली, आणि दोन्ही खेपांस कारभाराची किल्ली तिच्याबरोबर आली नाहीं.

किल्ली कोणाकडे होती, हाच खरा इतिहास. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती जस्टिस ऑफ दि पीस ह्या सरकारनियुक्त मंडळीकडे होती. १८४५ च्या कायद्यानें कांहीं अधिकारी आणि कांहीं जस्टिस यांचें एक कॉन्झर्व्हन्सी बोर्ड झालें. बोर्डानें काय केलें नाहीं ह्याचीच यादी मोठी निघाल्यामुळें १८५८ मध्यें तीन कमिशनर नेमण्यांत आले. तिघांचें एकमत होणें कठीण, आणि तिघांपैकीं जबाबदार कोण हें ठरविणें त्याहूनहि कठीण. ह्या वीस वर्षांचा वृत्तान्त मसानींनीं कागदपत्रांवरून बारकाईनें दिला आहे. वाचकानें तो तेथेंच पहावा.

ह्याच तीन कमिशनरांच्या काळांत माडगांवकरांनीं आपलें वर्णन लिहिलें. आम्हांस हें पुस्तक दर वाचनीं अधिक आवडत जातें. माडगांवकरांना मत नव्हतें, सभेंत जागा नव्हती, आणि आपणांस ती असावी अशी मागणीहि त्यांच्या पुस्तकाचा विषय नाहीं. ते नुसते पाहतात. कोणतें तळें कोणीं बांधलें, कोठल्या विहिरीचें पाणी गोडें, कोणती वस्ती किती दाट, विहारचें पाणी नळानें आल्यावर शहराची काय सोय झाली, हें सगळें ते घरोघर हिंडलेल्या माणसाच्या जिव्हाळ्यानें सांगतात. विहारचा तलाव १८६० मध्यें पुरा झाला. १८५४ च्या अवर्षणानें शहराच्या तोंडचें पाणी पळालें होतें, त्याचा तो परिणाम. इंग्रजी ग्रंथकारांच्या लेखीं विहार म्हणजे खर्चाची बाब आणि कर्जाची रक्कम. माडगांवकरांच्या लेखीं तें पाणी आहे. हा फरक लहान नाहीं. त्यांचा दोष असा कीं, जें दिसतें त्याचें कारण शोधण्याची त्यांस घाई नाहीं, आणि सरकारची स्तुति ते जरा सढळ हातानें करितात. तरीहि नगरशासन हें अखेर कशासाठीं असतें, हें विसरूं नये म्हणून इंग्रजी ग्रंथ हातीं घेण्यापूर्वीं हें पुस्तक वाचावें. 'मुंबईचा वृत्तान्त' हा त्यामानानें संग्रहासारखा आहे. नोंदी पुष्कळ, नजर कमी.

आतां वाच्छा. वाच्छांच्या पुस्तकाचा गाभा म्हणजे १८६५ ते १८७२ हीं सात वर्षें, आणि त्या वर्षांचा नायक — किंवा खलनायक, कारण वाच्छांचें मन दोन्हींकडे धांवतें — म्हणजे आर्थर क्रॉफर्ड. १८६५ च्या कायद्यानें तीन कमिशनर काढून एक कमिशनर नेमला आणि जस्टिसांच्या मंडळास संस्थेचें रूप दिलें. क्रॉफर्ड हा पहिला कमिशनर. त्याच वर्षीं शेअरांचा फुगा फुटला; अमेरिकेंतील यादवी संपून कापसाचा भाव उतरला आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोरींत निघाले. अशा वेळीं क्रॉफर्डनें शहर झाडावयास घेतलें. गटारें, रस्ते, मंडया; घाण करणारे धंदे वस्तीबाहेर. कामाचा उरक असा कीं विरोधकांनीहि तो कबूल केला, आणि खर्चाचा हात असा कीं म्युनिसिपालिटीची तिजोरी रिकामी होऊन कर्जाचा डोंगर उभा राहिला. जस्टिसांनीं खर्चावर नजर ठेवावयाची, पण बहुतेकांस सभेस येण्याचीच फुरसत नसे.

हा भाग वाच्छांनीं ज्या आवेशानें लिहिला आहे त्यास तोड नाहीं. ते स्वतः तेव्हां पंचविशींतले. त्यांनीं हें सारें डोळ्यांनीं पाहिलें होतें. आकड्यांचें त्यांस वेड होतें, आणि हें वेड येथें सत्कारणीं लागलें आहे. क्रॉफर्डनें शहराचें आरोग्य सुधारलें हें ते एका पानावर मनापासून सांगतात, आणि दुसऱ्या पानावर त्याच्या उधळपट्टीचा हिशेब मांडतांना त्यांचा राग अनावर होतो. टीकाकार ह्याला विसंगति म्हणतील. आम्हांस ती प्रामाणिकपणाची खूण वाटते. करदाता म्हणून आणि नागरिक म्हणून माणसाचीं मतें एकच असतात असें नाहीं. पहिल्या पावसांत तुंबलेलें गटार पाहून शिव्या देणारा गृहस्थच घरपट्टीची नोटीस आल्यावर उधळपट्टीविरुद्ध सभा भरवितो.

जातां जातां मराठी वाचकांसाठीं एक स्मरण. हाच क्रॉफर्ड पुढें मध्यभागाचा कमिशनर होऊन पुण्यास आला आणि १८८८ मध्यें लांचलुचपतीच्या आरोपांवरून त्याची चौकशी झाली. त्या प्रकरणांत सांपडलेल्या मामलेदारांची बाजू टिळकांनीं घेतली होती. वाच्छांचा क्रॉफर्ड आणि पुण्याच्या वर्तमानपत्रांतला क्रॉफर्ड हे दोन वेगळे मनुष्य आहेत असें पुष्कळ वाचक समजत आले आहेत. कारण मुंबईचा इतिहास एका कपाटांत आणि पुण्याचा दुसऱ्या, अशी आमची मांडणी.

१८७१ मध्यें करदात्यांचा संताप शिगेस पोंचला. नवरोजी फर्दुनजींसारखे लोकांचे कैवारी पुढें होते. जस्टिसांच्या सभेंत जेम्स फोर्ब्स यांनीं कमिशनरच्या सत्तेवरच हल्ला चढविला. कारभार एका माणसाच्या हातून काढून समितीकडे द्यावा, असा एकंदर सूर होता. नोव्हेंबरच्या अखेरीस धोबीतलावाजवळच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर निबंध वाचावयास उभा राहिला. फेरोजशहा मेहता हें नांव तेव्हां थोड्यांसच ठाऊक. त्यांनीं सांगितलें कीं दोष एकमुखी कारभाराचा नाहीं; दोष त्यावर लक्ष ठेवणाऱ्या नियुक्त जस्टिसांचा आहे. कारभारी एकच असावा, तो सरकारनें नेमावा, आणि त्याच्या डोक्यावर करदात्यांनीं निवडलेली सभा बसवावी. श्रोत्यांना क्रॉफर्डचें डोकें पाहिजे होतें. त्यांना हा वकील क्रॉफर्डच्या बाजूचा वाटला. निबंध धड वाचूं दिला नाहीं, आणि सभा गोंधळांत संपली.

ह्या एका संध्याकाळीं मुंबईच्या नगरशासनाचें बीज पडलें, ह्यावर तिन्ही ग्रंथकारांचें एकमत आहे आणि आमचेंहि आहे. परंतु बीज कशाचें? तिघेही म्हणतात, लोकनिवडीच्या तत्त्वाचें. हें अर्धें खरें. त्या निबंधांत दुसरेंहि एक बीज होतें, तें सरकारनियुक्त कारभाऱ्याचें, आणि दोन्हींपैकीं अधिक खोल रुजलें तें तेंच. १८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन झाली : बत्तीस करदात्यांचे, सोळा जस्टिसांचे, सोळा सरकारचे. मत कोणास? वर्षास पन्नास रुपये तरी पट्टी भरणारास. शहराची वस्ती त्या वर्षींच्या खानेसुमारीप्रमाणें साडेसहा लाखांच्या आसपास. त्यांत असे करदाते मूठभरच. पुढें १८८७ मध्यें सरकारनें नवा मसुदा आणला, तो कॉर्पोरेशनचे हात बांधणारा होता. फेरोजशहा आणि काशीनाथ त्रिंबक तेलंग यांनीं कायदेकौन्सिलांत त्याच्याशीं झगडून १८८८ चा कायदा घडवून घेतला. सभासद बहात्तर झाले. छत्तीस पेठांतून, सोळा जस्टिसांकडून, दोन विद्यापीठाच्या फेलोंकडून, दोन व्यापारी चेंबरकडून, सोळा सरकारकडून. हाच कायदा कित्येक दुरुस्त्या अंगावर घेऊन आजहि मुंबईस लागू आहे.

ह्या कायद्याची ओळख मसानींनीं उत्तम करून दिली आहे. भाषा कोरडी, पण विश्वासाची. मात्र ज्या कलमापाशीं त्यांनीं थांबावयास पाहिजे होतें, त्यावरून ते शांतपणें पुढें जातात असें आम्हांस वाटलें. नगरशासनाचे अधिकारी कोण, हें कायद्यानें आरंभींच सांगितलें आहे : कॉर्पोरेशन, स्टँडिंग कमिटी आणि कमिशनर. अध्यक्षाचें नांव त्या यादींत नाहीं. कार्यकारी सत्ता सगळी कमिशनरची. त्याची नेमणूक सरकारची. सभासदांपैकीं पांच-अष्टमांशांनीं मागणी केली तर सरकारनें त्यास परत बोलवावें, एवढाच काय तो लगाम. सभेनें पैसा मंजूर करावा, प्रश्न विचारावे, ठराव करावे. झाडू, नळ, गटार, नकाशा हीं सगळीं कमिशनरच्या हुकमतींत. मसानी हे स्वतः त्या खुर्चीवर बसलेले. आंतून पाहणाऱ्यास ही घडी व्यवस्थित दिसली तर नवल नाहीं, आणि एकहातीं कारभाराचे फायदे आहेत हेंहि आम्ही नाकारीत नाहीं. १८४५ नंतरच्या बोर्डाचा अनुभव कोणी विसरूं नये. आमचा आक्षेप 'उत्क्रांति' ह्या शब्दावर आहे. उत्क्रांति म्हटली म्हणजे वस्तु कोठेंतरी चाललेली असते. येथें मताधिकार वाढत गेला, सभासद वाढत गेले, परंतु मधला खांब १८६५ सालीं रोंवला तेथेंच उभा राहिला. भोंवतीं मंडप मोठा झाला.

कलकत्त्याशीं तुलना केली असती तर हें तेव्हांच ध्यानांत आलें असतें. सुरेंद्रनाथ बानर्जींच्या १९२३ च्या कायद्यानें कलकत्त्यास मेयर मिळाला आणि मुख्य कारभारी निवडण्याचा अधिकार कॉर्पोरेशनकडे आला, सरकारची संमति घेण्याच्या अटीवर. १९२४ सालीं चित्तरंजन दास मेयर झाले, आणि मुख्य कारभारी म्हणून त्यांनीं सुभाषचंद्र बोस यांस आणलें. मुंबईंत सात वर्षांनीं मेयर आला तेव्हां कारभारी मात्र सरकारचाच राहिला. मसानींचा ग्रंथ कलकत्त्याच्या प्रयोगानंतर पांच वर्षांनीं निघाला आहे. त्या दोन घडणींतील भेदास त्यांत जें वजन मिळावयास हवें होतें तें मिळालें असें म्हणवत नाहीं.

मोदींचें चरित्र हें ह्या तिन्ही ग्रंथांत वाचावयास सर्वांत गोड. त्यांतील १९०७ च्या 'कॉकस'चें प्रकरण तर नाटकासारखें रंगलें आहे. कांहीं युरोपियन अधिकारी आणि एका मोठ्या इंग्रजी पत्राचे संपादक यांनीं संगनमत करून फेरोजशहांना कॉर्पोरेशनबाहेर काढण्याचा घाट घातला. जस्टिसांकडून सोळा सभासद निवडावयाचे. फेरोजशहा सतरावे आले. शहरांत खळबळ उडाली, सभा झाल्या. आणि पुढें सोळाव्या क्रमांकाचे गृहस्थ म्युनिसिपालिटीच्या कंत्राटांतील हितसंबंधामुळें अपात्र ठरून फेरोजशहा परत आले. मोदी हें सारें लोकशाहीवरील आघात म्हणून सांगतात, आणि वाचक त्यांच्याबरोबर वाहवत जातो. पुस्तक मिटल्यावर मात्र आम्हांस एक शंका आली. मुंबईच्या करदात्यांचा हा अनभिषिक्त राजा निवडून येत होता तो कोणाकडून? पेठेंतल्या मतदारांकडून नव्हे, सरकारनें नेमलेल्या जस्टिसांकडून. ज्या जस्टिसांना त्यांनीं १८७१ मध्यें निकालांत काढलें, त्यांच्याच मतांवर १९०७ मध्यें त्यांचें सभासदत्व लटकत होतें. चरित्रकाराच्या हातीं इतका मोठा विरोधाभास आला होता. त्यानें तो उचलून पाहिला नाहीं. नायकाच्या तेजानें डोळे दिपले म्हणजे असें होतें.

आणि ह्या तिन्ही ग्रंथांत जो मुळींच येत नाहीं, त्याचें काय? १८८८ च्या कायद्यांत एका कराचें नांव हलालखोर-कर असें होतें. हलालखोर म्हणजे मैला वाहणारा. शहर ज्याच्या डोक्यावर चाललें, तो कायद्यांत कराचें नांव म्हणून आला आणि इतिहासांत तेवढाहि आला नाहीं. पुढें त्या कराचें नांव बदललें. १८९६ मध्यें प्लेग आला, तेव्हां हजारों माणसें गांवीं पळालीं. दाट वस्त्या पाडून नवे रस्ते काढण्यासाठीं १८९८ मध्यें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, तोहि कॉर्पोरेशनच्या बाहेर, निवडून आलेल्यांच्या बहुमतावांचून. १९३३ मध्यें तो कॉर्पोरेशनमध्यें विलीन होईपर्यंत शहराच्या नकाशावर दोन धनी होते. ज्यांच्या खोल्या पडल्या त्यांस दोहोंपैकीं एकाही ठिकाणीं मत नव्हतें. १९२२ च्या कायद्यानें मताधिकार दरमहा दहा रुपये भाडें देणाऱ्यापर्यंत खालीं आला आणि जस्टिसांचीं मतें संपलीं. ही मोठी सुधारणा म्हणून वाखाणली जाते, आणि ती होतीहि. सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले ह्यांसारख्या स्त्रिया त्यानंतरच्याच काळांत सभागृहांत दिसूं लागल्या. परंतु परळ-लालबागच्या चाळींतील एका खोलीचें भाडें तेव्हां पुष्कळदां दहा रुपयांच्या आंतच असे, आणि त्या खोलींत एकाहून अधिक बिऱ्हाडें. म्हणजे दहा रुपयांची ती रेघ बहुतेक गिरणीकामगारांच्या डोक्यावरून गेली. सज्ञान मताधिकारावर पहिली निवडणूक १९४८ मध्यें झाली. फेरोजशहांच्या निबंधापासून तोंवर सत्याहत्तर वर्षें लोटलीं होतीं.

करदाता आणि नागरिक ह्यांत भेद आहे हें त्या काळीं कोणाला दिसतच नव्हतें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. पुण्याच्या म्युनिसिपालिटींत १८७६ ते १८८३ जोतीराव फुले सरकारनियुक्त सभासद होते. १८८० सालीं व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागताच्या सजावटीसाठीं एक हजार रुपये मागण्यांत आले, तेव्हां हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा असें म्हणून विरोधी मत देणारे ते एकटेच. नव्या मंडईवर मोठी रक्कम खर्च करण्यासहि त्यांचा विरोध होता. आज पुण्याच्या त्या मंडईस फुल्यांचें नांव आहे, आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटासहि. नामकरणाच्या समित्या इतिहास वाचीत नाहींत, हें एका अर्थीं बरेंच आहे.

१९३१ नंतरच्या महापौरांची यादी आम्हीं ओळीनें पाहिली. तींत मोठीं माणसें आहेत. १९४२ मध्यें युसुफ मेहरअल्ली महापौर झाले. 'छोडो भारत' ही घोषणा त्यांचीच म्हणून सांगतात, आणि त्याच वर्षीं ते तुरुंगांत गेले. पुढच्याच वर्षीं मिनू मसानी त्या खुर्चीवर बसले. बाप कमिशनर आणि इतिहासकार, मुलगा महापौर. एका घरांतल्या ह्या दोन पदांची तुलना कोणीं करून पाहिली असती तर एक सुरेख प्रकरण झालें असतें. १९५६ मध्यें सुलोचना मोदी ह्या पहिल्या स्त्री महापौर. १९५७ मध्यें संयुक्त महाराष्ट्र समितीनें कॉर्पोरेशन जिंकली आणि आचार्य मो. वा. दोंदे महापौर झाले, पुढच्या वर्षीं कामगारपुढारी मिरजकर. १९७१ मध्यें डॉ. हेमचंद्र गुप्ते हे शिवसेनेचे पहिले महापौर. ह्या यादीवरून शहराच्या राजकारणाचा वारा कोणीकडून कोणीकडे वाहिला तें अचूक कळतें. शहर कोणीं चालविलें तें कळत नाहीं, कारण मुदत पुष्कळ काळपर्यंत एकेका वर्षाची, आणि हातीं सभा चालविण्याची घंटा. एक गमतीची गोष्ट आमच्या ध्यानांत आली. मुंबईच्या महापौरांचीं नांवें रस्त्यांस आणि चौकांस लागलीं. वैतरणेच्या मोठ्या जलाशयास मात्र नाव लागलें तें कॉर्पोरेशनचे इंजिनियर मोडक यांचें. कोणाच्या हातून काय झालें, ह्याचा निवाडा लोकांनीं आपल्यापरी केलेला दिसतो.

खुर्चीस सत्ता देण्याचा प्रयत्न एकदां झाला. १९९८ मध्यें कलकत्त्याच्या धर्तीवर महापौर-परिषदेची पद्धति मुंबईस आणि नागपुरास आणली, आणि १९९९ मध्यें ती काढूनहि घेतली. वर्षाभरांत ती फसली कीं नकोशी झाली, ह्याची छाननी करणारा ग्रंथ मराठींत कोणीं लिहिला तर तो आम्ही प्रथम विकत घेऊं. त्यानंतर मार्च २०२२ मध्यें निवडलेल्या सभेची मुदत संपली, निवडणूक लांबली, आणि तीन वर्षांहून अधिक काळ कमिशनरनेंच प्रशासक म्हणून कारभार पाहिला. अंदाजपत्रक कमिशनर म्हणून त्यानेंच मांडावयाचें आणि प्रशासक म्हणून त्यानेंच मंजूर करावयाचें. नळास पाणी येत राहिलें, कचरा उचलला गेला, आणि सभागृह बंद आहे ह्याची आठवण पुष्कळ नागरिकांस वर्तमानपत्र वाचल्यावरच होई. वाच्छा, मोदी आणि मसानी यांच्या ग्रंथांचें खरें परीक्षण त्या वर्षांनीं केलें असें आम्ही समजतों. निवडीचें तत्त्व विजयी झाल्याची जी कथा ते सांगतात ती पुरती खरी असती, तर सभेवांचूनचें एक वर्ष तरी शहरास जड गेलें असतें.

ह्याचा अर्थ ती सभा निरुपयोगी होती असा कोणी काढूं नये. मराठी शाळा, दवाखाने, प्रसूतिगृहें, वाचनालयें यांची पेठेपेठेंतली मागणी त्या सभेंतच मांडली गेली. नारायण सुर्व्यांसारखा कवि म्युनिसिपालिटीच्या शाळेंत आधीं शिपाई आणि मग शिक्षक झाला, ती शाळा आकाशांतून पडली नव्हती. कोणत्या पेठेस नळ आधीं आणि कोणत्या पेठेस मागाहून, हा भांडणाचा विषय तेथें उघड होत असे. प्रशासकाच्या दालनांत तो मिटतो, परंतु कसा मिटला तें दिसत नाहीं. हीं भांडणें कोणीं लिहून काढलीं पाहिजेत. इंग्रजी ग्रंथकारांनीं तीं क्षुद्र म्हणून सोडलीं, आणि मराठी लेखकांनीं तो आपला विषयच मानला नाहीं. माडगांवकरांनंतर दीडशेंहून अधिक वर्षें गेलीं, आणि ज्या शहरांत मराठी साहित्याचे इतके छापखाने चालले, त्या शहराच्या कारभाराची हकीकत आम्ही अजून परभाषेंतून वाचतों.

असा ग्रंथ लिहावयास कोणी बसलाच, तर त्यानें महापौरांची यादी शेवटच्या परिशिष्टांत घालावी. आरंभ हलालखोर-करानें करावा : तो कोणावर बसला, किती वसूल झाला, आणि त्यांतून झाडूवाल्याच्या हातीं महिन्याकाठीं काय पडलें. तेथें वाच्छांच्या आकड्यांची संवय कामास येईल आणि मसानींचे कागद हाताशीं लागतील. बाकी पेठांतून हिंडावें लागेल, माडगांवकर हिंडले तसें.